सर्वांत साध्या अल्बमनेच ज्युडास प्रीस्टला यश का दिले? 'ब्रिटिश स्टील'विषयी काही प्रश्न

मंद्रसप्तक

नमस्कार. ज्युडास प्रीस्ट या ब्रिटिश हेवी मेटल बँडचे सुरुवातीचे अल्बम मी सध्या प्रकाशनाच्या क्रमाने ऐकत आहे आणि १९८० च्या 'ब्रिटिश स्टील'पाशी येऊन अडखळलो आहे. १९७६ च्या 'सॅड विंग्ज ऑफ डेस्टिनी'मधले 'व्हिक्टिम ऑफ चेंजेस' हे गाणे जवळजवळ आठ मिनिटांचे आहे. त्यात लय पुन्हा पुन्हा बदलते, मध्येच सारे वादन जवळजवळ थांबते आणि गायक रॉब हॅलफर्डचा आवाज तळापासून टिपेपर्यंत फिरून येतो. १९७८ च्या 'स्टेन्ड क्लास'मध्येही 'बियाँड द रेल्म्स ऑफ डेथ'सारखी, सावकाश उलगडत जाणारी रचना आहे. या दोन्ही अल्बमनी मला अक्षरशः बांधून ठेवले.

त्यानंतर 'ब्रिटिश स्टील' लावला. गाणी नऊ, एकूण वेळ छत्तीस मिनिटांच्या आसपास, आणि सर्वांत गाजलेले 'ब्रेकिंग द लॉ' तर जेमतेम अडीच मिनिटांचे. दोन-दोन प्रमुख गिटारवादकांसाठी ओळखल्या जाणाऱ्या बँडच्या या गाण्यात गिटारचा एकही एकल तुकडा नाही. गाणी ऐकायला आवडतात, हे मी नाकारत नाही. परंतु ज्यांनी इतकी अवघड वाट चोखाळली होती, त्यांना ती सोडून दिल्यावरच मोठा श्रोतृवर्ग मिळावा, ही गोष्ट मनाला लागते.

म्हणून जाणकारांना विचारतो. हा साधेपणा रेकॉर्ड कंपनीच्या दबावातून आला, की बँडने तो स्वतः निवडला? अल्बम प्रत्यक्षात घडला कसा? आणि त्या वेळच्या श्रोत्यांनी त्याचे स्वागत कसे केले?

खर्ज

आपला प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण या अल्बमविषयी बोलताना बहुतेक जण त्यातील दोन लोकप्रिय गाण्यांवरच थांबतात आणि तो बनवताना काय काय गाळले गेले याकडे त्यांचे लक्ष जात नाही. माझ्या मते 'ब्रिटिश स्टील'चे सारे सामर्थ्य त्या गाळण्यात आहे. मी स्वतः गिटार वाजवतो, आणि या अल्बममधील रिफ, म्हणजे गिटारवर पुन्हा पुन्हा येणारे छोटे स्वरसमूह, शिकायला जितके सोपे तितकेच ते नेमक्या जोराने आणि नेमक्या विरामाने वाजवायला अवघड आहेत, असा माझा अनुभव आहे.

आधी घडणीविषयी. हा बदल एका रात्रीत झालेला नाही. १९७८ च्या 'किलिंग मशीन'पासूनच गाणी आखूड होऊ लागली होती आणि चामडे व धातूच्या खिळ्यांचा पेहरावही त्याच सुमारास आला. त्यानंतर १९७९ मध्ये टोकियोतील कार्यक्रमांवर आधारलेला 'अनलीश्ड इन द ईस्ट' हा अल्बम आला आणि ब्रिटनमधील विक्रीच्या यादीत पहिल्या दहांत पोहोचला. त्याचा निर्माता होता टॉम ॲलम. ब्लॅक सॅबथ या हेवी मेटल बँडच्या पहिल्या अल्बमांचा ध्वनी अभियंता म्हणून त्याने काम केले होते, त्यामुळे जड गिटारचा आवाज तबकडीवर कसा उतरवायचा हे त्याला पक्के ठाऊक होते. रंगमंचावरचे प्रीस्ट आणि स्टुडिओतले प्रीस्ट यांत किती अंतर आहे, हे त्या अल्बमने बँडला आणि ॲलमला दोघांनाही ऐकवले असणार. पुढचा स्टुडिओ अल्बम त्याच्याकडेच सोपवला गेला, यात मला तरी आश्चर्य वाटत नाही.

ध्वनिमुद्रण १९८० च्या सुरुवातीला, इंग्लंडमधील ॲस्कटजवळच्या टिटनहर्स्ट पार्क या मोठ्या वाड्यात झाले. हा वाडा आधी बीटल्समधील जॉन लेननचा होता. १९७१ च्या 'इमॅजिन' अल्बमचे बरेचसे काम तेथेच झाले होते. १९७३ मध्ये तो बीटल्सचाच ड्रमवादक रिंगो स्टार याने घेतला आणि तेथील स्टुडिओला स्टार्टलिंग स्टुडिओज असे नाव पडले. प्रीस्टने मात्र केवळ स्टुडिओच्या खोलीत बसून काम केले नाही. वाड्याच्या इतर खोल्याही वापरल्या. उंच छत, कठीण भिंती आणि मोकळी जागा यांमुळे आवाजाला जो नैसर्गिक घुमारा मिळतो, तो कापूस-फोम लावलेल्या बंद खोलीत मिळत नाही. आपण चांगल्या हेडफोनवर 'मेटल गॉड्स' ऐकाल तर ड्रमच्या प्रत्येक ठोक्याभोवती असलेली ती हवा आपल्याला जाणवेल.

याच गाण्यात यंत्रमानवांच्या पावलांचा जो खणखणाट आहे, तो काट्या-चमच्यांनी भरलेले तबक हलवून मिळवलेला आहे. 'ब्रेकिंग द लॉ'मधील काचा फुटण्याचा आवाज दुधाच्या बाटल्या प्रत्यक्ष फोडून घेतला, आणि पोलिसांच्या भोंग्यासारखा येणारा आवाज गिटारवादक के. के. डाउनिंगने गिटारच्या ट्रेमोलो दांडीने, म्हणजे तारांचा ताण बदलून स्वर वरखाली करणाऱ्या दांडीने, काढला. कळ दाबताच हवा तो ध्वनिनमुना हजर होण्याचे दिवस तेव्हा आलेले नव्हते. त्यामुळे जे ऐकू येते ते खरोखरच कोणीतरी हातांनी वाजवलेले, आपटलेले किंवा फोडलेले आहे. अल्बमला जो स्पर्शता येण्याजोगा धातूपणा आहे त्यात या खटाटोपाचा वाटा मोठा आहे.

'लिव्हिंग आफ्टर मिडनाइट'च्या जन्माची हकिकत तर बँडच्या सदस्यांनी अनेकदा सांगितली आहे. दुसरा गिटारवादक ग्लेन टिप्टन अपरात्री मोठ्या आवाजात एक रिफ वाजवत बसला होता. वर झोपलेला हॅलफर्ड त्याने जागा झाला, आणि मध्यरात्र उलटून गेल्याची तक्रार करताना त्याच्या तोंडून जे शब्द निघाले, तेच गाण्याचे धृपद झाले. सगळा बँड एकाच छताखाली राहत होता म्हणूनच असे गाणे घडू शकले.

आता आपल्या मुख्य शंकेकडे वळतो. 'ब्रेकिंग द लॉ'चा रिफ ए मायनरमध्ये आहे आणि तो गिटार हाती घेतल्यावर थोड्याच दिवसांत कोणालाही जमू शकतो. परंतु त्याची रचना पाहा. तो रिफ एकटा येतो, मग त्यावर बाकीची वाद्ये येतात, कडवे सुरू होताच गिटार मागे सरकते आणि शब्दांना जागा देते, आणि मधल्या तुकड्यानंतर रिफ पुन्हा येतो तेव्हा तो आपण वर्षानुवर्षे ऐकत आल्यासारखा वाटतो. या ठिकाणी एकल गिटारचा तुकडा घातला असता तर गाण्याचा ताण सुटला असता. दोन उत्तम गिटारवादकांनी स्वतःचे वादन बाजूला ठेवून गाण्याचे हित पाहिले, हा निर्णय मला त्यांच्या कोणत्याही द्रुत वादनापेक्षा मोठा वाटतो. अल्बममधील सर्व गाणी हॅलफर्ड, डाउनिंग आणि टिप्टन या तिघांच्या नावे आहेत, हेही येथे लक्षात घ्यावे. गाणी लिहिणारे आणि एकल वादन गाळणारे हात तेच होते.

ड्रमवादक डेव्ह हॉलंडविषयीही दोन शब्द लिहायलाच हवेत, कारण त्याच्यावर नेहमी टीका होते. 'सिन आफ्टर सिन'वर सायमन फिलिप्स आणि 'स्टेन्ड क्लास'वर लेस बिंक्स यांनी जे वादन केले ते तंत्राच्या दृष्टीने निःसंशय अधिक समृद्ध आहे. ट्रॅपीझ या बँडमधून आलेला हॉलंड ठेका सरळ धरतो आणि तो सोडत नाही. इयन हिलचा बासही बहुतेक वेळा मूळ स्वराला धरून अर्ध्या-अर्ध्या मात्रेच्या स्वरांचा एकसारखा प्रवाह ठेवतो. 'द रेज'ची सुरुवात हा त्याला मिळालेला मोकळा क्षण, आणि तो त्याने फार सुंदर वापरला आहे. हे दोघे इतके स्थिर नसते तर वरच्या दोन गिटारांना आणि हॅलफर्डच्या आवाजाला इतके मोकळेपण लाभले नसते. 'रॅपिड फायर' या दृष्टीने अवश्य ऐका: वेग प्रचंड आहे, आणि तरीही एकही स्वर दुसऱ्यावर सांडत नाही.

घणघण

खर्ज यांच्या प्रतिसादात वाड्यातील कामाची सविस्तर माहिती आली आहे. मला त्या वाड्याबाहेर काय चालले होते याची भर घालायची आहे, कारण अल्बमचे नाव आणि त्याचा स्वभाव या दोहोंचे मूळ तेथे आहे.

ज्युडास प्रीस्ट हा बर्मिंगहॅम आणि वेस्ट ब्रॉमिच या परिसरातला बँड. हॅलफर्ड जवळच्याच वॉल्सॉलचा. हा सारा टापू पिढ्यानुपिढ्या ओतकाम, साखळ्या, कुलपे, नळ्या आणि लोखंडी सुटे भाग यांवर जगत आलेला. शाळेत जाता-येता कारखान्यांचा धूर आणि आवाज सोबतीला असे, ही आठवण हॅलफर्डने मुलाखतींतून सांगितली आहे, आणि ग्लेन टिप्टनने तर संगीताकडे पूर्णपणे वळण्यापूर्वी ब्रिटिश स्टील या सरकारी पोलाद महामंडळात नोकरीच केली होती. म्हणजे ज्या नावाचा अल्बम, त्याच नावाच्या संस्थेत एका गिटारवादकाने प्रत्यक्ष काम केलेले होते.

आणि वेळ पाहा. २ जानेवारी १९८० रोजी ब्रिटनमधील पोलाद कामगारांनी देशव्यापी संप पुकारला. १९२६ नंतर या उद्योगाने असा संप पाहिला नव्हता. तो एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत, तीन महिने चालला. अल्बमचे ध्वनिमुद्रण या संपाच्या काळात झाले आणि तो १४ एप्रिल १९८० रोजी, संप मिटल्यानंतर दोन आठवड्यांच्या आत बाजारात आला. मार्गारेट थॅचर यांचे सरकार येऊन तेव्हा वर्षही पूर्ण झालेले नव्हते, महागाई आणि बेकारी दोन्ही वाढत होत्या, आणि पोलादनगरांमध्ये कारखाने बंद पडण्याची भीती घरोघरी होती.

अशा वेळी 'ब्रेकिंग द लॉ'चा नायक पहिल्याच ओळीत आपण बेकार आहोत, आयुष्य वाया जात आहे असे सांगतो. यात राजकीय घोषणा नाही, कोणाचे नाव नाही, उपायही नाही. आहे तो केवळ एका तरुणाचा कोंडमारा. हे शब्द आठ मिनिटांच्या, चार वळणांच्या रचनेत घातले असते तर ते एक कथानक झाले असते. अडीच मिनिटांत ते एखाद्याने समोर उभे राहून तोंडावर सांगावे तसे पोहोचतात. मंद्रसप्तक यांना बँडने अवघड वाट सोडली असे वाटते. मला मात्र असे दिसते की पूर्वीच्या अल्बमांतील राक्षस, भविष्यकथा आणि मृत्युचिंतन यांच्याऐवजी बँड प्रथमच आपल्या गावातील माणसांविषयी बोलू लागला आणि त्यासाठी त्याला वेगळी भाषा घ्यावी लागली. 'मेटल गॉड्स'मध्ये भविष्यकथा अजून शिल्लक आहे, हे खरे. पण माणसांना चिरडणारी ती यंत्रे ऐकताना कारखान्याच्या सावलीत वाढलेल्या श्रोत्याला फार दूर जावे लागत नसेल.

'युनायटेड' हे गाणे मात्र मला आजही तितके भावत नाही. हजारो लोकांनी एकत्र म्हणावे या हेतूनेच ते बांधलेले आहे, 'टेक ऑन द वर्ल्ड' या आधीच्या यशस्वी गाण्याचा साचा त्यात उघड दिसतो, आणि अल्बमच्या इतर गाण्यांतील धार त्यात नाही. दबावाविषयी जी शंका प्रश्नात आहे, ती घ्यायचीच असेल तर या एका गाण्याविषयी घ्यावी.

मुखपृष्ठाविषयीही लिहितो. सीबीएस या बँडच्या रेकॉर्ड कंपनीच्या लंडन कार्यालयात काम करणारे पोलिश कलावंत रोस्वाव शायबो यांनी ते तयार केले. 'स्टेन्ड क्लास' आणि 'किलिंग मशीन' यांची मुखपृष्ठेही त्यांचीच. येथे काळ्या पार्श्वभूमीवर एक मूठ, आणि त्या मुठीत घट्ट धरलेले भले मोठे दाढीचे पाते, त्यावर बँडचे व अल्बमचे नाव. पात्याच्या कडा बोटांत रुतल्या आहेत आणि रक्ताचा थेंबही नाही. दुकानात शेकडो तबकड्यांच्या गर्दीत हे चित्र लांबूनही ओळखू येते. संगीतात जे केले तेच चित्रातही केलेले आहे, अनावश्यक असे काहीच ठेवलेले नाही.

तबकडीप्रेमी

स्वागताविषयीचा भाग राहिला आहे, तो मी पूर्ण करतो.

ब्रिटनमधील विक्रीच्या यादीत अल्बम चौथ्या क्रमांकापर्यंत गेला. 'लिव्हिंग आफ्टर मिडनाइट' आणि 'ब्रेकिंग द लॉ' ही दोन्ही सिंगल, म्हणजे स्वतंत्र तबकडीवर विकली गेलेली गाणी, बाराव्या क्रमांकापर्यंत आणि 'युनायटेड' सव्विसाव्या क्रमांकापर्यंत पोहोचले. एकाच अल्बममधील तीन सिंगल पहिल्या तिसांत यावीत, हे त्या काळच्या हेवी मेटल बँडसाठी मोठे यश होते. कंपनीने ब्रिटनमध्ये अल्बमची किंमतही मुद्दाम कमी, ३.९९ पौंड ठेवली होती, आणि तरुण, हाती फारसे पैसे नसलेल्या श्रोत्यांपर्यंत तो पोहोचण्यात या निर्णयाचा हातभार नक्कीच लागला असेल.

अमेरिकेत तो ३४ व्या क्रमांकापर्यंत गेला आणि कालांतराने दहा लाख प्रतींसाठी मिळणारे प्लॅटिनम मानांकनही त्याला लाभले. तेथील आवृत्तीत गाण्यांचा क्रम बदललेला होता: ब्रिटिश आवृत्ती 'रॅपिड फायर'ने सुरू होते, अमेरिकी आवृत्ती 'ब्रेकिंग द लॉ'ने. हा बदल मला अजूनही खटकतो. 'रॅपिड फायर'च्या भडिमारानंतर 'मेटल गॉड्स'ची जड चाल आणि त्यानंतर 'ब्रेकिंग द लॉ', या चढत्या मांडणीतच पहिल्या बाजूची गंमत आहे. मंद्रसप्तक, आपल्याकडे कोणती आवृत्ती आहे ते पाहून, शक्य असल्यास ब्रिटिश क्रमाने ऐकावे.

'ब्रेकिंग द लॉ'ची चित्रफीत ज्युलियन टेंपल यांनी दिग्दर्शित केली. बँडचे सदस्य केवळ गिटार हाती घेऊन बँक लुटतात असे तिचे कथानक आहे. एमटीव्ही ही वाहिनी ऑगस्ट १९८१ मध्ये सुरू झाली आणि तिला दाखवण्यासाठी चित्रफिती हव्या होत्या. त्यामुळे वर्षभरापूर्वी तयार असलेली ही चित्रफीत बँडला पुढे फार उपयोगी पडली.

वेळही अनुकूल होती. 'साउंड्स' या साप्ताहिकाने १९७९ मध्ये ब्रिटिश हेवी मेटलच्या नव्या लाटेला नाव दिले होते आणि नवे बँड दर महिन्याला पुढे येत होते. आयर्न मेडन हा त्या लाटेतील सर्वांत जोरकस बँड १९८० च्या वसंतात प्रीस्टच्याच ब्रिटिश दौऱ्यात त्यांच्याआधी वाजवत असे. मेडनचा पहिला अल्बमही त्याच एप्रिलमध्ये आला आणि तोही चौथ्या क्रमांकापर्यंत गेला. दहा वर्षे जुना बँड अशा वेळी कालबाह्य ठरू शकला असता. 'ब्रिटिश स्टील' इतका ताजा आणि तरुण वाटला म्हणूनच नव्या लाटेच्या श्रोत्यांनी प्रीस्टला आपले मानले. १६ ऑगस्ट १९८० रोजी कॅसल डॉनिंग्टन येथे पहिला मॉन्स्टर्स ऑफ रॉक महोत्सव झाला. रेनबो मुख्य बँड होता आणि प्रीस्ट, स्कॉर्पियन्स, सॅक्सन हेही त्याच दिवशी त्याच रंगमंचावर होते.

परंतु एका मुद्द्यावर माझे मत आधीच्या दोन्ही प्रतिसादांहून वेगळे आहे. हा अल्बम बँडला यशाच्या दारापर्यंत घेऊन गेला असे मी म्हणेन. अमेरिकेत ते दार पूर्णपणे उघडले १९८२ च्या 'स्क्रीमिंग फॉर व्हेंजन्स'ने. त्या अल्बमची विक्री तेथे 'ब्रिटिश स्टील'पेक्षा अधिक झाली. शिवाय साधेपणाचा धडा बँडने नंतर जरा जास्तच गिरवला. १९८१ च्या 'पॉइंट ऑफ एंट्री'त रचना आखूड आहेतच, पण त्यांतील ताणही गेलेला आहे. मंद्रसप्तक यांच्या मनातील खंत त्या अल्बमला अधिक लागू पडते.

मंद्रसप्तक

तिन्ही प्रतिसादांबद्दल मनःपूर्वक आभार. माझ्याकडे अमेरिकी क्रमाची आवृत्ती होती. काल ब्रिटिश क्रमाने, खर्ज यांनी सांगितल्याप्रमाणे हेडफोनवर, सलग ऐकला. 'मेटल गॉड्स'च्या शेवटी तो खणखणाट जवळ येत जातो तेव्हा अंगावर काटा आला. 'ब्रेकिंग द लॉ'मध्ये एकल गिटार का नाही, हेही आता कानांना पटते.

एक प्रश्न अजून उरतो. 'स्टेन्ड क्लास'मधील जी गुंतागुंत मला प्रिय आहे, ती या अल्बमनंतर हेवी मेटलमधून मागे पडली का? पुढच्या बँडांनी 'ब्रिटिश स्टील'मधून नेमके काय घेतले?

खर्ज

मागे पडली असे मला वाटत नाही, कारण पुढच्या पिढीने दोन्ही गोष्टी घेतल्या. थ्रॅश मेटल या अधिक वेगवान, आक्रमक शैलीच्या बँडांनी गाणी पुन्हा लांबवली आणि त्यांत लयीची वळणे आणली, पण प्रत्येक वळणावरचा रिफ मात्र 'रॅपिड फायर' आणि 'स्टीलर' यांच्या शिस्तीचा आहे: उजव्या हाताचा आघात एकसारखा, तारांवर तळहाताचा दाब नेमका, आणि दोन स्वरांमधली शांतता स्वरांइतकीच मोजलेली. २०११ मध्ये मेटालिका या थ्रॅश शैलीतूनच पुढे आलेल्या बँडने आपल्या तिसाव्या वर्षानिमित्त सॅन फ्रान्सिस्कोत कार्यक्रम केले, तेव्हा हॅलफर्डला बोलावून त्याच्यासोबत त्यांनी 'रॅपिड फायर'च वाजवले. सर्वांना पाठ असलेली दोन गाणी उपलब्ध असताना केलेली ही निवड पुरेशी बोलकी आहे. स्वतः प्रीस्टनेही २००९ च्या अमेरिकी दौऱ्यात हा अल्बम सलग, पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत सादर केला.

तबकडीप्रेमी यांचा १९८२ विषयीचा मुद्दा विक्रीच्या दृष्टीने मला मान्य आहे. मात्र 'स्क्रीमिंग फॉर व्हेंजन्स'मध्ये वेग, लांबी आणि गिटारची आतषबाजी परत आली ती 'ब्रिटिश स्टील'मध्ये कमावलेल्या नेटकेपणासह. त्यातील 'इलेक्ट्रिक आय' ऐका: सुरुवातीला 'द हेलियन'चा तो भव्य दुहेरी गिटारचा प्रवेश, आणि त्यानंतर येणारे मुख्य गाणे मात्र चार मिनिटांच्याही आत आटोपते. मंद्रसप्तक, आपण क्रमानेच ऐकत आहात, तेव्हा 'पॉइंट ऑफ एंट्री' वगळू नका. 'हेडिंग आउट टू द हायवे' आणि 'डेझर्ट प्लेन्स' या दोन गाण्यांसाठी तरी तो ऐकायलाच हवा, आणि त्यांपैकी 'डेझर्ट प्लेन्स'मध्ये हॉलंडचा ड्रम किती थोड्यात किती सांगतो, तिकडे विशेष लक्ष द्या.